थ्रॉटल स्पिंडलची झीज : ओळख, मोजमाप आणि दुरुस्ती
(तंत्रविभाग – इयत्ता नववी व दहावीसाठी अभ्यासलेख)



आपल्या बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत अजूनही जुन्या गाड्या जपून वापरणारी घरे आहेत. कुणाकडे आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी असते, कुणाकडे ॲम्बॅसेडर, तर कुणाच्या शेतावर पेट्रोलची जुनी जीप. या गाड्यांची एक तक्रार तुम्ही नक्की ऐकली असेल. गाडी थांबली की इंजिन बंद पडते, म्हणून रेस वाढवावी तर ते भणभणत राहते. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर साफ होतो, स्क्रू थोडे इकडेतिकडे फिरवले जातात, आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी दोष पुष्कळदा स्क्रूत नसतो. तो असतो एका लहानशा भोकात. ते भोक मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाने मोठे झालेले असते. एवढ्याशा झिजेने इतका त्रास का व्हावा, ती कशी ओळखावी आणि ती कायमची कशी दूर करावी, हे आज पाहू. यातले गणित तुमच्या पुस्तकातलेच आहे.

१. थ्रॉटल म्हणजे काय?

पेट्रोल इंजिन हवा आत ओढते आणि त्या हवेत पेट्रोल मिसळून जळते. किती हवा आत घ्यायची हे थ्रॉटल ठरवतो. हवेच्या गोल नळीत एक पातळ चकती असते. गॅरेजमध्ये तिला बटरफ्लाय म्हणतात. ही चकती एका आडव्या दांडीवर दोन लहान स्क्रूंनी बसवलेली असते. ती दांडी म्हणजे स्पिंडल. आपण ॲक्सिलरेटर दाबला की केबल किंवा रॉड स्पिंडलला फिरवतो आणि चकती उघडते. पाय काढला की स्प्रिंग तिला बंद करते.

ज्या ओतीव भागात ही नळी आणि स्पिंडलची दोन भोके असतात तो थ्रॉटल बॉडी. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा कार्ब्युरेटरचा सर्वांत खालचा भाग असतो. इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय गाडीत तो स्वतंत्र असतो आणि तिथे पेट्रोल वेगळे फवारले जाते.

चकतीच्या वरच्या बाजूला बाहेरच्या हवेएवढा दाब असतो. खालच्या बाजूला, इंजिन शांत चालत असताना, त्याच्या साधारण एक तृतीयांश दाब असतो. म्हणजे खाली जोरदार ओढ असते. ही ओढ चकतीच्या कडेने हवा घेते, तशीच जिथे फट सापडेल तिथूनही घेते.

२. झीज का होते?

कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मऊ मिश्रधातूचे असते आणि स्पिंडल पोलादी किंवा पितळी. पुष्कळ कार्ब्युरेटरांत स्पिंडल थेट त्या मऊ धातूच्या भोकात फिरतो. मध्ये बुश नसतो. तिथे तेल टिकत नाही, कारण पेट्रोलची वाफ ते धुऊन काढते. शिवाय परतीची स्प्रिंग आणि ॲक्सिलरेटरची केबल स्पिंडलला सतत एकाच दिशेला ओढतात. म्हणून भोक सर्व बाजूंनी सारखे मोठे होत नाही. ते ओढीच्या दिशेने लांबट, अंडाकृती होते.

एकदा फट पडली की झीज वेगाने वाढते. फटीतून आत जाणारी हवा एअर फिल्टरमधून आलेली नसते. ती धूळ बरोबर घेऊन येते. आपल्याकडच्या तांबड्या मातीची बारीक धूळ त्या फटीत बसते आणि स्पिंडल फिरताना पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

३. थोडे गणित

उदाहरण म्हणून पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन घेऊ. ते मिनिटाला ८०० फेऱ्यांनी शांत चालत आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सर्व सिलिंडर भरतात, म्हणून मिनिटाला ४०० वेळा.

१०८९ × ४०० = ४,३५,६०० घन सेंमी, म्हणजे सुमारे ४३६ लिटर.

पण आतला दाब बाहेरच्या एक तृतीयांश आहे. म्हणून बाहेरच्या दाबाने मोजली तर हवा सुमारे १४५ लिटर भरते.

आता फट पाहू. सोयीसाठी स्पिंडलचा व्यास ८ मिमी धरू आणि झिजलेल्या भोकाचा ८.२ मिमी. फटीचे क्षेत्रफळ म्हणजे दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांतला फरक.

०.७८५ × (८.२ × ८.२ – ८ × ८) = ०.७८५ × ३.२४ = २.५४ चौ. मिमी.

भोके दोन आहेत, म्हणून एकूण फट सुमारे ५ चौ. मिमी.

आतला दाब बाहेरच्या सुमारे ५३ टक्क्यांहून खाली गेला की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाने धावू लागते. त्याहून अधिक वेगाने ती फटीतून जाऊ शकत नाही. या मर्यादेला एक चौ. मिमी फटीतून सेकंदाला सुमारे ०.२ लिटर, म्हणजे मिनिटाला १२ लिटर हवा जाते. आपल्या फटीतून मग मिनिटाला ६० लिटर जायला हवी. फट अरुंद आणि लांब असल्याने घर्षणाने ती बरीच अडते. निम्मी अडली असे धरले तरी ३० लिटर उरते.

म्हणजे इंजिनाला लागणाऱ्या १४५ लिटरपैकी ३० लिटर, सुमारे एक पंचमांश हवा, चोरवाटेने येते आणि तिच्यात पेट्रोल नसते. उरलेल्या ११५ लिटरमध्ये कार्ब्युरेटरने १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे वजनी प्रमाण राखले असेल, तर सिलिंडरमध्ये पोहोचेपर्यंत ते

१३ × १४५ ÷ ११५ = १६.४ होते.

पूर्ण ज्वलनाला लागणारे प्रमाण १४.७ आहे. मंद चालणाऱ्या जुन्या इंजिनाला १६.४ चे पातळ मिश्रण नीट पेटवता येत नाही. मग मिसिंग होते आणि इंजिन बंद पडते.

गाडी वेगात असताना हा दोष का जाणवत नाही, तेही यातून कळते. थ्रॉटल उघडल्यावर इंजिन कितीतरी अधिक हवा घेते आणि आतली ओढही कमी होते. तेव्हा चोरवाटेची हवा एकूण हवेच्या मानाने अगदी थोडी उरते.

४. स्क्रू फिरवून काय होते?

मिश्रण पातळ झाले म्हणून मिश्रणाचा स्क्रू उघडला, तर अधिक पेट्रोल येते आणि इंजिन तात्पुरते सावरते. पण फट रोज सारखी वागत नाही. स्पिंडल कधी एका कडेला टेकतो, कधी दुसऱ्या. म्हणून आज जुळवलेले उद्या बिघडते. शिवाय पेट्रोल अधिक जळते आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. मिश्रण जाड केले तर पहिली मर्यादा ओलांडते, पातळ राहून मिसिंग झाले तर दुसरी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते. त्या वेळी ही फट चांगल्या गाडीलाही अडवू शकते.

याहून मोठा धोका वेगळा आहे. फार ढिला झालेला स्पिंडल तिरका होतो आणि चकती नळीत अडकू शकते. पाय काढला तरी थ्रॉटल बंद होत नाही. घाटात किंवा बाजारपेठेत असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको.

५. दोष ओळखावा कसा?

(अ) आधी सोपी कारणे तपासा. फाटलेली व्हॅक्यूम नळी, कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग आणि मॅनिफोल्डचे बोल्ट यांतूनही अशीच हवा जाते.

(आ) इंजिन बंद व थंड असताना स्पिंडलचे टोक दोन बोटांत धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. हाताला टकटक जाणवली तर झीज आहे. स्पिंडल त्याच्या लांबीच्या दिशेने किंचित सरकला तर तो हा दोष नव्हे. तेवढी मोकळीक ठेवलेलीच असते.

(इ) इंजिन गरम करून शांत चालू ठेवा आणि लांब नळीच्या तेलाच्या डबीने स्पिंडलच्या टोकाशी इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब सोडा. तेल आत ओढले जाऊन इंजिनाचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच जाते आहे. पंख्यापासून हात, बाही आणि ओढणी दूर ठेवा. काही जण या चाचणीसाठी पेट्रोल शिंपडतात. तसे कधीही करू नका. गरम इंजिनावर आग लागायला एक ठिणगी पुरते.

(ई) शेवटी मोजमाप. कार्ब्युरेटर उतरवून, खोलून स्पिंडलचा व्यास मायक्रोमीटरने दोन ठिकाणी घ्या, जिथे तो भोकात फिरतो तिथे आणि जिथे तो झिजलेला नाही तिथे. भोक दोन दिशांनी मोजा, ओढीच्या दिशेने आणि तिच्याशी काटकोनात. दोन्ही मापे वेगळी आली तर भोक अंडाकृती झाले आहे.

एकटा स्पिंडल झिजला असेल तर नवा स्पिंडल पुरतो. भोक झिजले असेल तर नुसता नवा स्पिंडल घालून काही होत नाही. तिथे बुश बसवावा लागतो.

६. बुश बसवण्याची पद्धत

हे काम शिक्षकांच्या किंवा जाणत्या टर्नरच्या देखरेखीखालीच करायचे आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, पेट्रोल पूर्ण काढा आणि जवळ कुठलीही ज्योत नको.

पायरी १ : खुणा. चकती खोलण्यापूर्वी तिची वरची बाजू आणि डावी-उजवी बाजू टोकदार सुईने खुणेने दाखवा. पुष्कळ चकत्या पूर्ण गोल नसतात. बंद स्थितीत त्या नळीत किंचित तिरक्या बसतात, म्हणून त्यांची कडही तिरकी कापलेली असते. उलटी बसवली तर चकती अडकते किंवा पूर्ण बंद होत नाही.

पायरी २ : स्क्रू. चकतीचे स्क्रू सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून कारखान्यात त्यांची मागची टोके ठोकून पसरवलेली असतात. ती टोके आधी बारीक कानशीने घासून काढा. तसेच जोर लावून फिरवले तर स्क्रू तुटतो किंवा स्पिंडलमधले आटे जातात.

पायरी ३ : मध्य शोधणे. सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. हातातल्या ड्रिलने भोक मोठे करायला गेलात तर ड्रिल झिजलेल्या बाजूकडे सरकते. मग नवे भोक सुबक गोल होते, पण चुकीच्या जागी. चकती नळीच्या एका कडेला घासू लागते. म्हणून बॉडी मिलिंग मशीनवर पक्की बांधावी आणि डायल गेजने भोकाचा न झिजलेला भाग शोधून त्यावरून मूळ मध्य काढावा. त्यानंतर बॉडी न सोडता, एकाच बांधणीत, दोन्ही भोके आरपार मोठी करावीत. दोन भोके एका रेषेत नसतील तर स्पिंडल जड फिरेल.

मोठे करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. भोकाभोवती पुरेसा धातू उरतो का? आणि जवळून पेट्रोलचे किंवा व्हॅक्यूमचे बारीक मार्ग जातात का? आयडलिंगची सूक्ष्म भोके बहुधा चकतीच्या कडेशीच असतात.

पायरी ४ : बुश. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा बुश लेथवर करावा. ८ मिमी स्पिंडलसाठी बाहेरून १० मिमी व्यास सोयीचा. बुश भोकापेक्षा ०.०२ मिमीच्या आसपास मोठा असला की घट्ट बसतो. जुने जस्ताचे ओतकाम ठिसूळ झालेले असते, म्हणून याहून घट्ट करू नये, बॉडी तडकते. शंका असेल तर बुश सहज सरकेल असा करून तो बेअरिंग पक्के करण्याच्या चिकट द्रवाने बसवावा. हातोडी नको. लांब बोल्ट, नट आणि वॉशर घेऊन बुश हळूहळू ओढून बसवा. त्याचे आतले टोक हवेच्या नळीत डोकावता कामा नये.

पायरी ५ : रिमिंग. घट्ट बसवलेला बुश आतून किंचित आवळतो. म्हणून आतले भोक आधी थोडे लहान ठेवावे आणि बसवल्यानंतर लांब रिमर दोन्ही बुशांतून एकदमच आरपार घालून अंतिम माप आणावे. स्पिंडल आणि भोक यांत ०.०२ ते ०.०४ मिमी फरक पुरे. तेलाचा एक थेंब लावलेला स्पिंडल बोटाच्या टोकाने फिरला पाहिजे, पण हलता कामा नये.

पायरी ६ : जोडणी. सर्व किस आणि चुरा धुऊन काढा व बारीक मार्गांतून दाबाची हवा सोडा. स्पिंडल घालून चकती सैल स्क्रूंवर ठेवा. ती पूर्ण बंद करून हलकेच टिचक्या मारा, म्हणजे ती आपोआप मध्यावर बसते. मग स्क्रू आवळा. बॉडी उजेडाकडे धरा. कडेने उजेड दिसलाच तर तो सर्व बाजूंनी सारखा, केसाएवढा असावा. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पुन्हा सैल करून बसवा.

स्क्रू नवेच वापरा. त्यांना आटे पक्के करणारा द्रव लावा आणि टोके पुन्हा पसरवा. पसरवताना स्पिंडलखाली भक्कम आधार द्या, नाहीतर तो वाकेल. इथे आळस नको. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टनची वाट लावतो.

पायरी ७ : अंतिम परीक्षा. थ्रॉटल थोडा, अर्धा आणि पूर्ण उघडून सोडा. प्रत्येक वेळी स्प्रिंगने तो चटकन पूर्ण बंद व्हायला हवा. दहापैकी एकदाही अडकला तर गाडीवर चढवू नका. सर्व ठीक असेल तर नवे पॅकिंग घालून बसवा, इंजिन गरम करा आणि मगच आयडलिंग व मिश्रण जुळवा. आता स्क्रू फिरवण्याला अर्थ आहे, कारण हवा ठरलेल्या वाटेनेच येते. शेवटी पीयूसीच्या यंत्रावर आकडे पाहा.

७. एमपीएफआय गाड्यांबद्दल

इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांतही स्पिंडल झिजतो, पण लक्षणे निराळी असतात. ज्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे चोरवाटेची हवाही मोजली जाते आणि संगणक तिच्यापुरते पेट्रोल देतो. म्हणून मिश्रण फारसे बिघडत नाही, फक्त आयडलिंग वाढते. ज्या गाडीत आत येणारी हवा आधीच मोजली जाते, तिथे मधून शिरलेली हवा हिशेबात येत नाही आणि मिश्रण पातळ होते. काही बॉडींत चकतीच्या कडेला कारखान्यातच लेप दिलेला असतो. तो घाण समजून खरवडू नये. आणि ज्यांत केबल नसून विजेच्या मोटरने थ्रॉटल फिरतो, त्यांना बुश बसवण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे पूर्ण भाग बदलणेच सुरक्षित.

८. हे शिकायचे कशासाठी?

पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिच्यासाठी नवा कार्ब्युरेटर सहज मिळत नाही, आणि जुन्या बाजारातून आणलेला बहुधा तितकाच झिजलेला असतो. उरतो तो मार्ग म्हणजे आहे त्या भागाला मूळ मापावर आणणे. त्यासाठी लागणारे लेथ, मिलिंग मशीन आणि अनुभवी हात आपल्या उद्यमबागेत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली ती याच गावात. दुरुस्ती आणि यंत्रकाम यांची ओळख आपल्या गावाला जुनीच आहे.

गावातल्या टर्नरकडे नुसते "हे ढिले झाले आहे" असे म्हणत जाणारा आणि "भोक ओढीच्या दिशेने ८.१८ आहे, आडवे ८.०५ आहे, मूळ मध्य धरून १० चे करून द्या" असे सांगणारा, या दोघांच्या कामात फार अंतर पडते. दुसऱ्याचे काम एकदाच करावे लागते. मापात बोलायला शिका, मित्रहो. त्याला महाग यंत्र लागत नाही. एक मायक्रोमीटर, एक वही आणि थोडा धीर पुरतो.

स्वाध्याय

१. स्पिंडल ६ मिमी आणि भोक ६.१५ मिमी आहे. दोन्ही बाजूंची मिळून फट किती चौ. मिमी?
२. भोकाभोवतीच्या ओतकामाचा बाहेरचा व्यास १४ मिमी आहे. १० मिमीचा बुश बसवल्यावर भोवती किती जाडीचा धातू उरेल?
३. फट तेवढीच राहिली आणि इंजिन १०८९ ऐवजी २००० सीसीचे असले, तर दोष अधिक जाणवेल की कमी? कारण लिहा.
४. शाळेच्या कार्यशाळेत कुठलाही जुना बुश आणि त्यातला दांडा घ्या. दोन्ही दोन दिशांनी मोजून तक्ता करा आणि झीज कोणत्या दिशेने झाली ते ठरवा.

उत्तरे : (१) सुमारे २.८६ (२) २ मिमी (३) कमी, कारण एकूण हवेच्या मानाने चोरवाटेच्या हवेचा वाटा घटतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वहीत हवे.